परतीची बाटली

दर रविवारी सकाळी मी त्र्यंबक रस्त्याने लांबवर पळते. वाटेत झुडपांत पाण्याच्या बाटल्या लपवलेल्या असतात. जाताना पळता पळताच उचलून अर्धी प्यायची, अर्धी परतीला ठेवायची.

हे वळण बापूंनी लावलेलं. ते माझे वडील आणि कोचही. एवढी पदकं आणली, पण त्यांच्या तोंडून कधी 'शाबास' निघालं नाही. दम मात्र रोजचा, "उज्ज्वला, थांबलीस तर घरी यायचं नाही!" त्या रागावरच मी पळते.

आज परतताना पहिली बाटली रिकामी निघाली. झाकण नीट लावलेलं होतं, पण ओलं. एक शिवी हासडून मी पुढे पळाले. दुसरीही रिकामीच.

शेवटची रस्त्याच्या मधोमध पडली होती आणि अजून डुलत होती. पुढे सरळ रस्ता, त्यावर कुणीच नाही. पळताना मी पहिल्यांदाच थांबले. क्षणभरच.

घराच्या पायरीवर घामाने भिजलेले बूट काढून ठेवले होते. तुटलेली नाडी माझ्या बुटाच्या नाडीसारखीच लाल दोऱ्याने बांधलेली. मी खाली पाहिलं. माझे बूट माझ्या पायातच होते.

आतून बापूंचा आवाज आला, कधी नव्हे इतका मऊ. "शाबास, उज्ज्वला! थांबली नाहीस. दार लावून घे."

आतून कडी लागली.