जत्रेचं जेवण

"सर, तुम्ही आमच्या खाडीचा गळा कापलात!" भर सुनावणीत ईश्वरी उठून ओरडली. व्यासपीठावर तिचेच सर बसले होते, खाडीत भराव घालणाऱ्या कंपनीचे सल्लागार म्हणून.

एमएस्सीला जीवशास्त्र, कायदा आणि समाजशास्त्र एकत्र शिकवताना हेच सर बजावायचे, "गावाला विचारल्याशिवाय खाडीला हात लावायचा नाही." म्हणून तर तिने अख्खा वर्ग हौसेने तळवलीला, आपल्या घरी जत्रेला नेला होता. त्या दिवशी देवीचा मान म्हणून गावात कुणी होडी पाण्यात घालत नाही, हेही तिनेच सरांना सांगितलं होतं. जेवणं झाल्यावर ती भांडी आवरत राहिली आणि सरांनी बाकीच्या पोरांना खाडीतल्या होड्या मोजायला पाठवलं.

"ईश्वरी, इमोशनल होऊ नकोस," सर शांतपणे म्हणाले. "खाडीत एकही होडी नव्हती. इथे मासेमारी होत नाही, असं डेटाच सांगतो."

ईश्वरीची आई गंगू पदर खोचून पुढे आली. "सर, जत्रेच्या आदल्या दिशी धरलेल्या चिंबोऱ्या तुमी माज्या घरात मागून मागून खाल्ल्या. त्या कंच्या खाडीतल्या व्हत्या, त्ये सांगा ना आता सगल्यांना!"