बोटभर खाली

"बिरू."

मायानं हाक मारली. पोरानं मान वळवली नाही.

अडीच वर्षांचा बिरदेव ज्वारीच्या बांधावर बसला होता. पाखरांना भिवविण्यासाठी कणसांवरून ताणलेली चकचकीत पट्टी वाऱ्यानं फडफडत होती. सकाळपासून त्याचे डोळे तिथंच. भूक नाही, तहान नाही, आई तर नाहीच.

राखणीच्या माचावर गोफण घेऊन उभी असलेली सासू, अंबूबाई, वरूनच म्हणाली, "भिंतीशी बोलल्यागत काय बोलतीयास? उद्या ती पट्टीच काढून टाकू. नाद मोडंल त्येचा. मग बघंल तुज्याकडं."

"नगा आत्या. सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हनल्या, त्येला आपल्याकडं वढू नगा. त्यो बघतोय तितं तुमी जावा."

"मग जा की."

गेली होती ना. महिनाभर ती त्याच्या शेजारी बसून पट्टीकडं बघत होती, खोटं खोटं हसत होती. बोट दाखवलं, तर त्यानं ते वाटेतली काटकी सारावी तसं बाजूला सारलं. पोटच्या पोरानं एकदा ओळखीनं बघावं, एवढंच तिला हवं होतं. आता तेवढं मागायचीही तिला लाज वाटू लागली होती.

माया उठली. पट्टी तिनं दातांनी तोडली. उरलेली पट्टी सैल पडून कणसांत गेली. हातातला तुकडा तिनं कपाळाला बांधला, टोकं गालावर सोडली आणि ती बिरूपुढं मांडी घालून बसली.

वारा आला. टोकं फडफडली. बिरूचे डोळे पट्टी शोधत आले आणि तिच्या कपाळावर थांबले.

तो रांगत पुढं आला. एक हात तिच्या भुवईवर टेकवून पट्टी न्याहाळू लागला. त्याचा श्वास तिच्या तोंडावर येत होता.

बोटभर खाली बघ रे सोन्या, माया मनात म्हणत होती. बोटभरच. तिनं पापणीसुद्धा हलवली नाही.

मागं भोरड्यांचा थवा दुधातल्या कोवळ्या कणसांवर उतरला.

"माये, पट्टी कुटं गेली गं?" अंबूबाईची गोफण सणसणली. "माये, पाखरं बसली. सगळं रान खात्याल. ऐकू येतंय न्हवं तुला? अगं माये…"

मायानं मान वळवली नाही.