माळीपुऱ्यात पाणी आलं

निवृत्त ग्रंथपाल खुशालराव दर सोमवारी जिल्हा परिषद सदस्यांचं व्हॉट्सअ‍ॅपवरचं निवेदन लिहून देत. सदस्य फोनवर मुद्दे सांगत, खुशालराव त्यांना भाषा देत. या सोमवारी मुद्दा होता, 'माळीपुऱ्यातही टँकर सुरू.' खरंच सुरू झालाय का, हे विचारायला त्यांची जीभ रेटली नाही. काठोकाठ भरलेल्या हंड्यांवरचं ऊन आणि ओल्या अंगानं पळणारी पोरं मात्र त्यांनी मनानंच घातली.

बुधवारी माळीपुऱ्यातल्या दुर्गाबाई दारात आल्या.

"सर, टँकरसाठी अर्ज लिहून द्या जी. पहिला तहसिलीतल्या साहेबानं वापस केला. म्हने, तुमच्याकडं तर पानी आलं, हे पाहा मोबाइलवर."

कागदावर टेकलेला खुशालरावांचा पेन तिथंच थांबला. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुम्ही... वाचलं ते?"

"मले कुठं वाचता येते! नातीनं वाचून दाखवलं." दुर्गाबाईंनी पदरानं कोरडे ओठ पुसले.

"कोनं लिवलं काय मालूम, पन लय गोड लिवलं जी. आयकता आयकता माही तहानच गेली."