परघरची भाकर

ज्याच्या घरी मृत्यू येऊन गेला त्याला अन्न देणे हा शेजाऱ्याचा धर्म होय. परंतु प्रत्येक शेजाऱ्याच्याच घरी मृत्यू येऊन गेला असेल, तर तो धर्म कोणी पाळावा, हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही.

शके अठराशे ऐंशीच्या, म्हणजे सन अठ्ठावन्नच्या वैशाखात घाटंजीच्या बाजूच्या एका बंजारा तांड्यापुढे हा प्रश्न उभा राहिला. विहीर आटली होती. लोक नाल्यातील झिऱ्याचे पाणी प्याले आणि पटकीने आठ दिवसांत तेवीस माणसे नेली. अठरा घरांपैकी सतरा घरांत सुतक होते. सुतकाच्या घरी चूल पेटवायची नाही. सुतक नसलेल्या घरची भाकर यावी, तिथल्या बाईने पहिला घास भरवावा, मगच त्या घराने पुन्हा अन्नाला लागावे, अशी तांड्याची रीत होती. परगावचे सोयरे आले असते, परंतु साथ पसरू नये म्हणून डॉक्टरांनी वाट बंद केली होती. शेवटचे माणूस जाऊन पाच दिवस झाले. लोक फुटाण्यांवर आणि वाळलेल्या मोहफुलांवर दिवस काढीत होते.

नायक धावजीची सून लालीबाई तेही खात नव्हती. तिचा नवरा नेमसिंग गेला होता आणि पदरात दोन महिन्यांची मुलगी होती. अंगावरचे दूध आटले होते. मुलगी प्रथम टाहो फोडीत असे. आता तिचे रडणेही मंदावले होते.

सहाव्या दिवशी सकाळी धावजी वृद्ध देवीलालला बरोबर घेऊन हंसाबाईच्या दारी गेला. हंसाबाई ही तांड्याची सुईण. तरुणपणी विधवा झालेली, निपुत्रिक. बाळंतपणात तिला सर्वांच्या आधी हाक जाई. लग्नाच्या मांडवात मात्र तिने मागे उभे राहावे, अशी सर्वांची अपेक्षा असे. ज्या एका घरातून कोणी गेले नव्हते, ते हेच घर.

"हंसाबाई," धावजी म्हणाला, "तांडा उपाशी मरून राह्यला. आता तुया घरची भाकर पाह्यजे. पीठ मी पाठवतो."

"माया हातची नाही चालत, नायक."

"काहून?"

"माया घरी सुतक आहे."

देवीलाल कडवट हसला. "तुया घरी कोन मेलं वं? तुया घरी तं मांजरबी नव्हती. मांडवात मांगं उभं केलं त्याचा दाव काढून राह्यली, दुसरं काय?"

हंसाबाई रागावली नाही. मांडीवर उपडे ठेवलेले हात तिने उताणे केले आणि त्यांच्याकडे पाहत ती बोलू लागली.

"तेवीस गेले. त्यातले चौदा या हातात आलते. नायक, तुमचा नेमसिंग पायाळू होता. दोन दिवस त्याची माय अडली होती. तो रडला, तवाच म्या पाण्याचा घोट घेतला. देवीलालभाऊ, तुमची नात रुपली निपचित आलती. म्या तोंडात फुंकर घातली, तवा तिनं डोये उघडले. पाच दिवस झाले, मायीबी चूल थंडी आहे. सतरा घरांतून कोनी इचारलं का, बाई, तू जेवली का म्हणून?"

देवीलालने डोक्यावरचे पागोटे उतरवून हातात घेतले. धावजी परतला.

घरी आल्यावर त्याने सुनेला जेव म्हटले नाही. ते तो पाच दिवस म्हणतच होता. तो एवढेच बोलला, "हंसाबाई पाच दिसांची उपाशी आहे. तिच्या घरी भाकर न्यायले कोनी नाही."

 लालीबाईने मुलीला सासऱ्याच्या मांडीवर ठेवले, ज्वारीचे पीठ काढले आणि चूल पेटवली.

मागोमाग आलेला देवीलाल दारातून हलकेच म्हणाला, "सुतकातली भाकर सुतकाले चालते का, पोरी?"

"नाही चालली तं कुत्र्याले घालू, काका. मी काय मायासाठी रांधून राह्यली?"

पाच दिवसांनी तांड्यावर धूर दिसला. शेजारणी विचारायला आल्या आणि ऐकून आपापल्या घरी चूल पेटवायला गेल्या. दुपारपर्यंत हंसाबाईच्या अंगणात स्त्रिया जमल्या. प्रत्येकीने पदराखाली भाकर धरली होती आणि कोणी कोणाकडे पाहत नव्हते.

बंजारा स्त्रिया दुःखात एकमेकींच्या गळ्यात पडून सुरावर रडतात. त्या दिवसांत तांड्यातील प्रत्येक स्त्री दुसरीच्या गळ्यात रडली होती. हंसाबाईच्या गळ्यात कोणी पडले नव्हते. लालीबाईने भाकर खाली ठेवली, दोन्ही हात पसरले आणि त्यांच्या बोलीत आईला मारतात ती हाक मारली.

"याडी."

पुढचे शब्द त्या सुरात गेले.

रडणे ओसरल्यावर लालीबाईने तिला घास भरवला. हंसाबाईने तो खाल्ला. मग शेजारी उभ्या असलेल्या देवीलालच्या सुनेच्या हातची भाकर घेऊन तिने एक तुकडा मोडला आणि तो लालीबाईच्या ओठांशी नेला. लालीबाईने तोंड फिरवले.

"खा," हंसाबाई म्हणाली. "हे रुपलीच्या मायनं थापली. आता ते परघरची झाली."

लालीबाईने तोंड उघडले. त्यानंतर भाकरी हातोहात फिरू लागल्या. जिला घास मिळाला तिने पुढचीला भरवला, आणि उरलेले तुकडे घेऊन बाया पुरुषांकडे व मुलांकडे गेल्या. ऊन कलले तोवर सारा तांडा जेवला होता, आणि कोणीही आपल्या घरची भाकर खाल्ली नव्हती.

त्या अठरा चुलींचा अग्नी सदैव सौम्य असो. आणि त्या संध्याकाळी आईच्या कुशीत पुन्हा जोराने रडलेल्या त्या लेकराला उदंड आयुष्य लाभो.