बंद झाल्यावर

"हातात घेऊन बघा गं, चावत नाही," डॉक्टर रंजीताबाई म्हणाल्या आणि बदकाच्या चोचीसारखं ते स्टीलचं साधन त्यांनी पहिल्या बाकावर दिलं. मुली फिदीफिदी हसल्या. बायकांच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा तपासायला जाताना काय काय होतं, ते समजावून सांगायला बाई चंद्रपूरच्या या कॉलेजात आल्या होत्या. ज्यांना लगेच दाखवायचं होतं त्यांच्यासाठी मागे पडदा लावून खाट ठेवली होती. धुळीपायी खिडक्या बंद, आणि सगळ्या जणी ओढणीने वारा घेत चुळबुळत होत्या.

"सगळ्यांनाच हे लागत नाही. पुष्कळदा नुसतं पोट दाबून कळतं. आणि तुम्ही थांबा म्हणालात की मी थांबणार."

साधन फिरत फिरत शेवटच्या बाकावर अन्नपूर्णापर्यंत आलं. ही भामरागडकडच्या जंगलातल्या गावाची, बाकाच्या अगदी टोकाला बसलेली. तिने हात ओढणीत घेतले.

"खाली ठेव," ती शेजारच्या दिव्यानीला म्हणाली. "हातात नोको देऊ."

"एवढं काय भ्यायचं त्याला?" बाई हसल्या.

"भेत नाई ते, मॅडम." दिव्यानी तिच्याच खोलीत राहायची. एरवी तोंडाची फटकळ, पण या बाबतीत तिने इतके दिवस कळ काढली होती. आता तिला राहवेना. "पाळी चालू हाये तिची. दिवाळीपासून. बंदच होऊन नाई राह्यली."

बाई जवळ आल्या. मुलीचे ओठ पांढरेफटक होते.

"अगं, मग दाखवलं का नाहीस?"

"बंद झाल्यावर येनार होती."

तिच्या गावात पाळीतली बाई कुर्मात राहते, म्हणजे गावाच्या कडेला असलेल्या वेगळ्या झोपडीत. तिला इतर कुणी शिवत नाही. हॉस्टेलवर कुर्मा कुठला? अन्नपूर्णाने खोलीतला एक कोपरा धरला होता, आपली चटई आणि आपलं ताट घेऊन. रक्त थांबलं की डॉक्टरकडे जायचं, असं तिने पक्कं ठरवलं होतं. रक्त थांबत नव्हतं आणि ती वाट बघत होती.

"वेडी आहेस का? ते थांबावं म्हणूनच तर तपासायचं. चल." बाईंनी हात पुढे केला.

अन्नपूर्णा उठून भिंतीला चिकटली. "तुमाले माया हात लागन. मंग तुमी घरी कशा जान? लेकरू असन तुमच्या घरी."

बाईंच्या तोंडाशी विटाळावरचं नेहमीचं भाषण आलं. पण पोरीला धड उभंही राहवत नव्हतं, तिथे भाषण काय कामाचं?

दिव्यानी उठली आणि कुणाला काही कळायच्या आत तिने अन्नपूर्णाचं मनगट घट्ट धरलं.

"हे पाह्य. लागली मी. आता मी बी तुयासंगं कुर्मात. चाल."

"काऊन शिवली वो तू?" अन्नपूर्णाला रडूच फुटलं.

"मंग काय मरू देऊ तुले?"

दोघी बाकांमधून निघाल्या. वाटेतल्या मुलींनी पाय आत घेतले. भीतीने की वाट द्यायला, कोण जाणे. पडद्यापाशी अन्नपूर्णा थांबली आणि मागे वळली.

"मॅडम, घरी जायच्या आधी आंघोळ करजा. डोक्यावरून."

"अगं, त्याने काही..." बाई बोलता बोलता थांबल्या.

"करीन," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पडदा ओढून घेतला.