बाबांचं गाऱ्हाणं

हिरवा दिवा लागला, लॅपटॉपवर चार ओळी सरकल्या आणि यंत्र पुन्हा अडून बसलं.

"आता काय झालं त्याला?" प्रीतमने विचारलं. अंगात नवा कुर्ता, कपाळाला टिळा आणि हातात सारखा वाजणारा फोन. चारकोपच्या त्या दोन खोल्यांत पाहुणे नटूनथटून उभे होते. हॉलवर मुलीकडचे येऊन बसले होते आणि साखरपुड्याचा नवरदेव अजून घरातच होता, कारण गाऱ्हाणं झालं नव्हतं. देवापुढे नारळ-विडा ठेवून मोठ्या आवाजात साकडं, म्हणजे गाऱ्हाणं, घातल्याशिवाय या घरातून शुभकार्याला कोणी बाहेर पडत नाही. आणि ते घालायचं बाबांनीच. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला, तोवर सगळ्या बिल्डिंगची गाऱ्हाणी तेच घालत.

त्यांच्या लेकीने, रुचिराने, म्हणून तर हे यंत्र बनवलं होतं. बिस्किटाच्या पुड्याएवढा कॉम्प्युटर, एक स्पीकर आणि मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड. ऑपरेशनच्या आधी तिने बाबांना तासन्‌तास बोलायला लावून सगळं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. आता बाबा टाइप करतील ते यंत्र त्यांच्याच आवाजात बोलणार होतं. मुलुंडला, तिच्या घरी, ते झकास बोललं होतं. इथे आणल्यापासून मात्र तोंड उघडायला तयार नव्हतं.

"चारकोपचा पाणी मानवूक नाय तेका," अंबादासकाका म्हणाले, तसे सगळे हसले. बाबाही हसले. नुसते खांदे हलले.

रुचिरा हसण्याच्या मनःस्थितीत नव्हती. तिने वायर बदलली, मेमरी कार्ड काढून पुसून परत घातलं, पुन्हा स्विच दाबला. पुन्हा तेच.

"बूटलोडरपाशीच अडकतंय," ती पुटपुटली.

"म्हंजे काय गो ता?" आईने विचारलं.

"यंत्र जागं होताना सगळ्यात आधी हा छोटा प्रोग्राम उठतो, आई. तो थोडी वाट बघतो. तेवढ्यात कोणी कीबोर्डचं बटण दाबलं, तर पुढे जायचं सोडून तिथेच थांबतो, काय हुकूम म्हणून. पण इथे बटण दाबतंय कोण?"

कोणीच दाबत नव्हतं. सगळ्यांचे डोळे तर तिच्यासारखेच लॅपटॉपवर होते.

"सहदेवा, गाऱ्हाणा मी घालतंय," काका बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "येळ जाता हा."

बाबांनी लगेच मान हलवली आणि नारळासमोरची जागा सोडून ते बाजूला सरकले. ते सरकणं रुचिराला अजिबात सोसलं नाही.

"काका, एकदाच. शेवटचं. बाबा, तुम्ही इथेच बसा."

तिने लॅपटॉप भिंतीकडे वळवून ठेवला आणि नुसतं यंत्राकडे बघत स्विच दाबला. हिरवा दिवा लागला. आणि बाबांचा हात पुढे आला. बोटांची टोकं कीबोर्डला टेकली, मग कपाळाला, मग छातीला. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या लेथ मशीनवर आयुष्य गेलं होतं त्यांचं. मशीन चालू झाली की हात लावून पाया पडायचं, मग काम. लेकीने बनवलेली मशीन काय त्याहून कमी होती?

"बाबाऽऽ!" रुचिरा किंचाळलीच. "तुम्हीच! बटण तुम्ही दाबताय, बाबा!" ती हसत होती, टाळ्या वाजवत होती, आणि बाबा भांबावून तिच्याकडे बघत होते.

प्रीतमच्या डोक्यात प्रकाश पडला. "बाबा, नमस्कार नका ना करू, यार!"

बाबांनी झटकन हात मागे घेतला आणि पाठीशी धरला.

"गप रे," रुचिराने भावाला दटावलं. "नमस्कार होणार. मी यंत्रालाच सांगते."

हुकमाची वाट बघत ते थांबलेलंच होतं. तिने लॅपटॉप पुढे ओढला. बूटडिले, म्हणजे ते वाट बघणं. त्याच्यापुढे तिने उणे दोन टाकलं आणि सेव्ह केलं. म्हणजे, आता कोणासाठी थांबू नकोस, बटणांकडे बघूही नकोस, उठ आणि सरळ कामाला लाग.

"आता करा, बाबा. खुशाल करा."

स्विच. हिरवा दिवा. बाबांचा हात पाठीमागे जरा घुटमळला, मग आला. कीबोर्ड, कपाळ, छाती. लॅपटॉपवर ओळी धावत सुटल्या, थांबेचनात. स्पीकर खरखरला. बाबा पुढे सरकून नारळासमोर बसले आणि एकेक अक्षर शोधत टाइप करू लागले.

"बा देवा रवळनाथाऽऽ!"

तोच आवाज. गच्चीवरून हाक मारली तर खाली गेटपर्यंत पोचायचा, तोच. आईने पदर तोंडावर धरला. काकांचे हात आपोआप जोडले गेले.

"आज माझ्या झिलाचो साखरपुडो आसा, सगळा गोडीन पार पाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" खोली दणाणली. शेजारची दारं उघडली, माणसं चपला काढून उंबऱ्यात येऊन उभी राहिली. प्रीतमने वाजणारा फोन बंदच करून टाकला.

बाबांनी पुन्हा टाइप करायला घेतलं. या वेळी बराच वेळ लागला. मध्येच त्यांनी एकदा रुचिराकडे बघितलं.

"आणि माझ्या चेडवान माका परत बोलतो केल्यान, तेच्या हाताक यश दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे एका दमात ओरडले.

एकटी रुचिरा तेवढी राहिली. तिने तोंड उघडलं होतं, पण आवाज काही फुटला नाही.