परवानगी

कृपाण अंगावर ठेवून कोर्टात बसू द्यावं म्हणून बचिंत कौर कॅनडाच्या सरकारशी दोन वर्षं भांडली. लेकाच्या खुन्याला शिक्षा होताना तिला समोर बसून पाहायचं होतं. परवानगी मिळाली. खटलाभर ती त्याच्या मागच्याच बाकावर मुठी आवळून बसली. काल त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं आणि हसला.

आज दारावरचा पहारेकरी कुलबीर म्हणाला, "जा बीजी, तुम्हाला आता कोण अडवतंय!"

तिनं पट्ट्यासकट कृपाण उतरवली, कपाळाला लावली आणि त्याच्या हातात दिली.

"अहो, हिच्यासाठीच तर एवढं भांडलात ना?"

"सांभाळ, पुत्तर. गुरूंनी ही दुबळ्याला राखायला दिलीय. आणि आज पहाटे उठून मी हिला धार लावली."